स्वप्नातल्या समुद्रकिनाऱ्यावरची पहिली सहल: आधी समुद्र पाहा, मग तिकीट काढा

वर्षानुवर्षे मनात जपलेल्या किनाऱ्यावर पहिल्यांदाच जाणारे बहुतेक प्रवासी एकाच जागी चुकतात. ते आधी स्वस्तातले विमानाचे तिकीट काढतात, मग त्या तारखांना मिळेल ती खोली घेतात आणि समुद्राची चौकशी तिथे पोहोचल्यावर करतात. हा क्रम नेमका उलटा आहे. मीही पहिल्या सहलीत हेच केले होते. खोलीचा पडदा सरकवला तेव्हा समोर निळ्या पाण्याऐवजी शेवाळलेले खडक आणि चिखलट वाळूचे मैदान पसरलेले होते आणि पाणी दूर एका पांढऱ्या रेघेपुरते उरले होते. पुढच्या चारपैकी तीन दिवस आमच्या पोहण्याच्या वेळा ओहोटीतच गेल्या. हॉटेलवाल्याचा यात काही दोष नव्हता, कारण त्या दिवसांचे भरती-ओहोटीचे वेळापत्रक कित्येक महिने आधीपासून कोणालाही पाहता आले असते.

खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच पार पाडावेत. पहिले चार टप्पे पूर्ण होईपर्यंत एकही पैसा भरू नये.

## टप्पा १: मनातल्या छायाचित्राची झडती घ्या

किनाऱ्याचे स्वप्न बहुधा एखाद्या छायाचित्रातून सुरू झालेले असते. ते समोर ठेवून काही प्रश्न विचारा: ते कोणत्या महिन्यात काढले आहे, भरतीच्या वेळी की ओहोटीच्या, जमिनीवरून की ड्रोनमधून, आणि त्यात कोणी पोहताना दिसते का? ड्रोनचा प्रश्न क्षुल्लक नाही. सरळ वरून पाहिले की नजर पाण्यातून तळाच्या पांढऱ्या वाळूपर्यंत पोहोचते आणि पाणी हिरवट निळे दिसते. काठावर उभे राहून तिरप्या नजरेने पाहिले की त्याच पाण्यावर मुख्यतः आकाशाचे प्रतिबिंब दिसते, त्यामुळे ढगाळ दिवशी तोच समुद्र राखाडी वाटतो. समुद्र तोच असतो, पण पाहणाऱ्याला फसवणूक झाल्यासारखे वाटते.

त्यानंतर बरोबर येणाऱ्या प्रत्येकाने आपल्या दोन अपेक्षा स्वतंत्रपणे लिहाव्यात. पोहणे, मासे पाहणे, लाटांवर खेळणे, सावलीत पडून राहणे, समुद्रात बुडणारा सूर्य पाहणे, हे सारे एकाच पुळणीवर क्वचितच मिळते. लाटांवर फळी चालवणाऱ्यांना (सर्फिंग करणाऱ्यांना) आवडणारा किनारा लहान मुलांसाठी बहुधा निरुपयोगी असतो आणि पूर्वेकडे तोंड असलेल्या किनाऱ्यावर सूर्य समुद्रात मावळत नाही. ही यादी पुढे प्रत्येक निर्णयाच्या वेळी लागेल.

## टप्पा २: महिना देशाचा नव्हे, त्या किनाऱ्याचा ठरवा

“त्या देशात जाण्यासाठी उत्तम काळ कोणता?” हा प्रश्नच सदोष आहे, कारण एकाच देशाच्या दोन किनाऱ्यांचे ऋतू एकमेकांच्या उलट असू शकतात. श्रीलंकेच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील बेंटोटा किंवा मिरिस्सा येथे साधारण डिसेंबर ते मार्च या काळात समुद्र शांत असतो, तर पूर्वेकडील त्रिंकोमाली आणि अरुगम बे यांचा चांगला काळ मे ते सप्टेंबर आहे. थायलंडमध्ये फुकेत आणि क्राबी यांच्या बाजूला नोव्हेंबर ते एप्रिल हा कोरडा काळ असतो, पण दुसऱ्या बाजूच्या को सामुई बेटावर नोव्हेंबरमध्येच सर्वाधिक पाऊस पडतो. एकाच सहलीत हे दोन्ही किनारे नोव्हेंबरमध्ये जोडणारे प्रवासी निम्मी सुट्टी खिडकीत बसून काढतात.

पावसाइतक्याच बारकाईने आणखी तीन गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली म्हणजे वादळांचा काळ. अटलांटिक महासागरात आणि कॅरिबियन समुद्रात हरिकेनचा, म्हणजे तिथल्या चक्रीवादळांचा, अधिकृत हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा असून त्याचा जोर सप्टेंबरच्या सुमारास सर्वाधिक असतो. दुसरी गोष्ट लाटांची. हवाईतील ओआहू बेटाचा उत्तर किनारा उन्हाळ्यात तळ्यासारखा शांत असू शकतो आणि हिवाळ्यात तिथेच घराएवढ्या लाटा येतात. तिसरी गोष्ट पाण्यात काय असते ही. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर क्वीन्सलँडमध्ये साधारण नोव्हेंबर ते मे या काळात विषारी बॉक्स जेलीफिशचा धोका असतो आणि तिथे संरक्षक जाळ्यांच्या आतच पोहण्यास सांगितले जाते. कॅरिबियन किनाऱ्यांवर उन्हाळ्याच्या महिन्यांत सरगॅसम नावाच्या तपकिरी शेवाळाचे ढीग वाहून येतात, तेव्हा हवामान स्वच्छ असूनही पाण्यात उतरावेसे वाटत नाही.

तपासणी: निवडलेल्या महिन्यातील पाऊस, वाऱ्याची दिशा, लाटांची उंची आणि पाण्यातील जीव या चारही गोष्टींची माहिती त्या विशिष्ट किनाऱ्याच्या नावाने मिळाली आहे का? केवळ “सरासरी तापमान” पाहून पुढे जाऊ नका. किनाऱ्यावरची सुट्टी तापमानापेक्षा वाऱ्यामुळे अधिक बिघडते.

## टप्पा ३: नकाशावर नेमका तुकडा निवडा

आता उपग्रहाचे चित्र उघडा आणि राहण्याची जागा जिथे आहे तिथे शक्य तितके जवळ जा. काठापासून काही अंतरावर पांढऱ्या फेसाची रेघ आणि तिच्या आत फिकट पाणी दिसत असेल, तर बाहेर प्रवाळाची भिंत आणि आत लगून, म्हणजे भिंतीने अडवलेले उथळ पाणी, आहे असे समजावे. आतले पाणी शांत असते, पण ओहोटीत ते गुडघ्याइतके किंवा त्याहूनही कमी उरू शकते. काठालगतचे काळपट डाग खडक, प्रवाळ किंवा समुद्री गवताचे असतात. नदी किंवा ओढा समुद्राला मिळतो तिथे पाणी गढूळ असते आणि प्रवाह बेभरवशाचे असतात, त्यामुळे पोहण्यासाठी ती जागा टाळावी.

“समुद्रदर्शनी खोली” आणि “समुद्रकाठची खोली” या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समुद्रदर्शनी खोली आणि पाणी यांच्या मध्ये रस्ता, कठडा किंवा डोंगरउतार असू शकतो. खोलीपासून पोहण्यायोग्य पाण्यापर्यंत किती मिनिटे चालावे लागते आणि वाटेत किती पायऱ्या आहेत, हे लेखी विचारून घ्यावे. पोहण्यायोग्य हा शब्द प्रश्नात असलाच पाहिजे, नाहीतर उत्तर वाळूपर्यंतच्या अंतराचे येते.

शेवटी, तो किनारा खुला आहे का, हेही पाहा. थायलंडमधील सुप्रसिद्ध माया बे २०१८ मध्ये पर्यटकांच्या गर्दीमुळे बंद करण्यात आला आणि २०२२ मध्ये पुन्हा उघडला, तोही पोहण्यावरील निर्बंधांसह. शिवाय दर वर्षी ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये तो बंदच ठेवला जातो. फिलिपिन्समधील बोराकाय हे तर संपूर्ण बेट २०१८ मध्ये सहा महिने बंद होते. दहा वर्षांपूर्वी पाहिलेल्या स्वप्नाची आजची नियमावली वेगळी असणारच.

## टप्पा ४: भरती-ओहोटीवरून तारखा पक्क्या करा

पहिल्यांदा जाणारे सर्वाधिक दुर्लक्ष याच टप्प्याकडे करतात, म्हणून येथे थोडे थांबू.

बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. दोन भरतींमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते, त्यामुळे आज सकाळी दहाला असलेली भरती उद्या सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, म्हणजे पाणी खूप वर चढते आणि तितकेच मागे हटते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते आणि तेव्हा हा चढ-उतार सर्वांत कमी असतो.

याचा परिणाम प्रत्येक समुद्रावर सारखा होत नाही. भूमध्य समुद्राच्या बहुतेक काठांवर हा फरक इतका कमी असतो की वेळापत्रक न पाहताही चालते. याउलट झांझिबारच्या पूर्व किनाऱ्यावरील पाजे आणि जांबियानी येथे उधाणाच्या ओहोटीत समुद्र कित्येक शे मीटर मागे जातो, तर त्याच बेटाच्या उत्तर टोकाच्या नुंगवी आणि केंडवा येथे बहुतेक वेळ पोहता येते. या दोन ठिकाणांची छायाचित्रे शेजारी ठेवली तर फरक कळत नाही. वेळापत्रक ठेवले तर लगेच कळतो.

वेळापत्रक वाचताना आधी ते स्थानिक वेळेत आहे याची खात्री करा. मग दररोजची भरतीची वेळ लिहा आणि तिच्या आधीचे व नंतरचे दोन-दोन तास रंगवा. उथळ लगूनमध्ये पोहण्याचा काळ साधारण तेवढाच असतो. हे रंगवलेले तास मुक्कामातील बहुतेक दिवशी उजेडात आणि तुमच्या सोयीच्या वेळेत येत असतील तर तारखा योग्य आहेत. ते पहाटे आणि रात्री जात असतील तर सहल सुमारे आठवडाभर पुढे-मागे करावी, कारण सात दिवसांत भरतीची वेळ जवळजवळ सहा तासांनी सरकते.

इशारा: ओहोटीत खडकांवरून किंवा वाळूच्या दांड्यावरून पलीकडे चालत जाण्याचा मोह होतो. परतीचे पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही. सहा तासांच्या भरतीपैकी मधल्या दोन तासांत जवळजवळ निम्मे पाणी चढते. जाताना घोट्याइतक्या असलेल्या पाण्यामुळे येताना वाट बंद झालेली असू शकते.

## टप्पा ५: आता आरक्षण करा

प्रथम रद्द करता येणारी खोली घ्या, नंतर विमानाचे तिकीट आणि त्याच दिवशी बेटापर्यंतची बोट किंवा छोटे विमान. शेवटच्या प्रवासाची सोय नंतर पाहू म्हणणारे बंदराच्या गावात एक अनपेक्षित रात्र काढतात. मालदीवमध्ये पाण्यावर उतरणारी विमाने केवळ दिवसाउजेडी उडतात, त्यामुळे सायंकाळी उतरणाऱ्या प्रवाशाला सकाळपर्यंत थांबावे लागते. फेरी बोटीही समुद्र खवळला की रद्द होतात, म्हणून परतीच्या मोठ्या विमानाच्या आदल्या दिवशीच मुख्य भूमीवर किंवा मुख्य बेटावर परत यावे.

परदेशात जात असाल तर पारपत्राची मुदत तपासा. परतीच्या तारखेपर्यंत ते वैध असले म्हणजे झाले, असे नाही. अनेक देश प्रवेशानंतर सहा महिन्यांची मुदत शिल्लक असावी असा आग्रह धरतात. विमा घेताना स्नॉर्केलिंग (मुखवटा आणि श्वासनळी लावून पृष्ठभागावरून पाण्याखालचे पाहणे), डायव्हिंग (हवेची टाकी घेऊन खोल पाण्यात उतरणे) आणि बोटीवरचा अपघात त्यात समाविष्ट आहे का, ते अटींमध्ये शोधून वाचा.

## टप्पा ६: घरी करायची तयारी

पोहायला येत असले तरी जाण्यापूर्वी काही आठवडे नियमित पोहा आणि पाठीवर तरंगण्याचा सराव करा. पुढे टप्पा ९ मध्ये सांगितलेल्या प्रसंगात हेच कौशल्य उपयोगी पडते. डायव्हिंग करायचे असेल तर संस्थेची वैद्यकीय प्रश्नावली आधीच मागवा. दमा, हृदयविकार किंवा कानाची शस्त्रक्रिया यांसारख्या गोष्टींसाठी डॉक्टरांची सही लागते आणि ती ऐनवेळी किनाऱ्यावर मिळवणे अवघड असते.

स्नॉर्केलिंगचा मुखवटा भाड्याने घेणार असलात तरी तो तपासण्याची पद्धत शिकून जा. पट्टा डोक्यामागे न अडकवता मुखवटा चेहऱ्यावर हलकेच टेकवा, नाकाने श्वास आत ओढा आणि हात सोडा. मुखवटा चेहऱ्याला चिकटून राहिला तर माप योग्य आहे. गळून पडला तर पट्टा कितीही आवळला तरी पाणी शिरणारच. मिशी राखणाऱ्यांच्या वरच्या ओठापाशी पाणी झिरपते. तिथे थोडे पेट्रोलियम जेली लावून पाहता येते, पण ते सिलिकॉनच्या मुखवट्यावर नेहमी वापरू नये. मिशी कापायची की नाही, हा निर्णय मी ज्याचा त्याच्यावर सोडतो.

फोनसाठी जलरोधक पिशवी घेतली असेल तर आधी तिच्यात फक्त कोरडा कागदी रुमाल ठेवून ती अर्धा तास बादलीत दाबून ठेवा. रुमालाचा एखादाही कोपरा ओला निघाला तर ती पिशवी फेकून द्या.

सनस्क्रीन सगळेच घेतात, पण पुरेसे कोणी लावत नाही. प्रौढ व्यक्तीच्या संपूर्ण अंगाला एका वेळी सुमारे ३० ते ३५ मिलिलिटर लागते, म्हणजे शंभर मिलिलिटरची नळी तीन वेळांत संपायला हवी. आठवडाभर पुरली तर ती लावलीच गेलेली नाही. एसपीएफ (वेष्टनावरचा संरक्षणाचा आकडा) ३० आणि ५० यांतील फरक, म्हणजे साधारण ९७ आणि ९८ टक्के यूव्हीबी (त्वचा भाजणारे अतिनील किरण) अडवणे, हा अपुऱ्या थराच्या नुकसानीपुढे नगण्य आहे. उन्हात जाण्याच्या वीस मिनिटे आधी ते लावावे आणि दर दोन तासांनी तसेच प्रत्येक वेळी पाण्यातून आल्यावर पुन्हा लावावे. स्नॉर्केलिंग करणाऱ्यांची पाठ, मान आणि पोटऱ्यांची मागची बाजू सर्वाधिक भाजते. तिथे लांब बाह्यांचा पोहण्याचा सदरा कोणत्याही मलमापेक्षा खात्रीचा आहे. हवाईत २०२१ पासून ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट हे प्रवाळांना घातक मानले जाणारे घटक असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर बंदी आहे आणि पलाऊ या देशाने २०२० पासून असे घटक असलेली उत्पादने वापरण्यासही मनाई केली आहे, तेव्हा खरेदीपूर्वी वेष्टनावरील घटक वाचावेत.

## टप्पा ७: दिवसांची मांडणी करा

सर्वांत महत्त्वाची बोटीची सहल शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवू नका. ती दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी ठेवली तर समुद्र खवळल्यास पुढे ढकलता येते. डायव्हिंगनंतर लगेच विमानात बसणे धोक्याचे आहे, कारण शरीरात विरघळलेला नायट्रोजन कमी दाबात बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर येतो. एकाच साध्या डाइव्हनंतर किमान १२ तास आणि अनेक डाइव्हनंतर किमान १८ तास थांबावे. पूर्ण २४ तास ठेवले तर हिशेबही सोपा जातो. केवळ पृष्ठभागावरच्या स्नॉर्केलिंगला हा नियम लागू नाही.

## टप्पा ८: पाण्यात उतरण्यापूर्वी दहा मिनिटे उभे राहा

सामान टाकून थेट पाण्यात धावणे, ही इतक्या वर्षांच्या उत्कंठेनंतर स्वाभाविक पण सर्वांत महागडी चूक आहे. आधी झेंडे पाहा. वर लाल आणि खाली पिवळा असा आडवा दुरंगी झेंडा जीवरक्षकांच्या देखरेखीचा भाग दाखवतो आणि अशा दोन झेंड्यांच्या मध्येच पोहायचे असते. पिवळा झेंडा सावधगिरीचा, लाल पोहण्यास मनाईचा, दोन लाल झेंडे पाण्यात उतरण्यास पूर्ण बंदीचे आणि जांभळा झेंडा पाण्यातील त्रासदायक जीवांचा असतो. काळा-पांढरा चौकटींचा झेंडा फळीवाल्यांसाठी राखीव भाग दाखवतो. एकही झेंडा नसणे म्हणजे परवानगी नव्हे. बहुतेक वेळा त्याचा अर्थ एवढाच की तिथे पाहणारे कोणी नाही.

मग थोड्या उंचवट्यावर जाऊन पाणी न्याहाळा. दोन्ही बाजूंना पांढरा फेस उसळत असताना मध्येच एक पट्टा काळसर, गुळगुळीत आणि जवळजवळ लाटांविना दिसेल. त्यावरून फेसाचे तुकडे किंवा गढूळ वाळू समुद्राकडे सरकताना दिसली तर तो रिप करंट, म्हणजे काठापासून समुद्राकडे ओढून नेणारा प्रवाह, आहे. नवखा माणूस नेमकी हीच “शांत” जागा पोहण्यासाठी निवडतो.

## टप्पा ९: प्रवाहात सापडल्यास

रिप करंट माणसाला खाली ओढत नाही, तो बाहेर नेतो. त्याचा वेग सेकंदाला अडीच मीटरच्या जवळ नोंदवला गेला आहे आणि तो ऑलिंपिकमधल्या पोहणाऱ्यांनाही जड जाईल. म्हणून किनाऱ्याकडे तोंड करून झुंजणे ही जीवघेणी चूक ठरते. माणसे प्रवाहामुळे नव्हे, त्याच्याशी लढून दमल्यामुळे बुडतात.

१. पाठीवर तरंगा आणि श्वास स्थिर होऊ द्या.
२. एक हात वर करून मदत मागा.
३. अंगात बळ असेल तर किनाऱ्याला समांतर, फेसाळ लाटांच्या दिशेने पोहा आणि प्रवाह सुटल्यावर तिरपे काठाकडे या.
४. दुसरा कोणी सापडलेला दिसला तर मागोमाग उडी मारू नका. तरंगणारी वस्तू फेका आणि जीवरक्षकाला बोलवा.

इशारा: वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असेल तेव्हा काठाजवळचे पाणी आरशासारखे सपाट होते. अशा दिवशी हवेने फुगवलेल्या गाद्या आणि रिंगा पाहता पाहता दूर जातात. लहान मुलांना त्यांवर बसवू नका आणि हातून सुटलेल्या गादीमागे पोहत जाऊ नका.

## टप्पा १०: दंश आणि जखमा

उथळ वाळूत पाऊल उचलून टाकण्याऐवजी घासत पुढे सरकवा, म्हणजे वाळूत दडलेल्या पाकटाला (शेपटीत विषारी काटा असलेल्या चपट्या माशाला) चाहूल लागते आणि तो दूर जातो. पाकटाचा काटा लागल्यास ती जागा सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवल्याने वेदना कमी होतात. काटा खोल रुतला असेल, विशेषतः छातीत किंवा पोटात, तर तो उपसू नये आणि तातडीने रुग्णालय गाठावे.

जेलीफिशच्या दंशावर लघवी, गोडे पाणी किंवा वाळू चोळणे हे तिन्ही उपाय चुकीचे आहेत. समुद्राच्याच पाण्याने जागा धुवा आणि चिकटलेले धागे चिमट्याने काढा. व्हिनेगर बॉक्स जेलीफिशच्या दंशावर वापरतात, पण निळ्या बाटलीसारख्या दिसणाऱ्या ब्लूबॉटलच्या दंशावर ऑस्ट्रेलियात व्हिनेगरऐवजी सुमारे ४५ अंशांच्या गरम पाण्यात वीस मिनिटे ठेवण्याचा सल्ला देतात. म्हणजे उपाय जीवावर अवलंबून असतो. त्यासाठी पोहोचल्यावर पहिल्याच दिवशी जीवरक्षकाला किंवा डाइव्ह केंद्रात तीन गोष्टी विचारून फोनमध्ये लिहून ठेवा: या महिन्यात येथे कोणता जीव चावतो, त्यावर येथे काय करतात आणि सर्वांत जवळचा दवाखाना किती मिनिटांवर आहे. प्रवाळाने खरचटल्यास जखम लहान दिसली तरी स्वच्छ पाण्याने आणि साबणाने घासून धुवावी, कारण आत राहिलेल्या कणांमुळे ती चिघळते. ती भरेपर्यंत पुन्हा समुद्रात उतरू नये, मग शेवटचे दोन दिवस काठावर बसून काढावे लागले तरी चालेल.